जानिबेकोवचा तास कसा घ्यावा: टेबल टेनिसची बॅट, कानवाला नट आणि गोठलेलं स्थानक

अंतराळवीराची गोष्ट सांगायला उभं राहिलात आणि पहिलंच वाक्य "यांचा जन्म अमुक साली" असं निघालं, की तास तिथेच आटोपला म्हणून समजा. मी हे स्वतः केलेलं आहे. सातारा जिल्ह्यात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यातली निदान पंधरा वर्षं विज्ञान दिनाला गागारिनवर तेच ते भाषण ठोकलं. पहिला मानव, पहिली महिला, पहिलं पाऊल. मुलांना ते सगळं पाठ असतं. तिसऱ्या बाकावरचा एक पोरगा डोळे उघडे ठेवून झोपायचा. ही कला मला अजून जमलेली नाही.

निवृत्तीनंतर शाळा अजूनही बोलावतात, पण आता मी एकच माणूस घेऊन जाते. सोव्हिएत अंतराळवीर व्लादिमीर जानिबेकोव. 'पहिल्यां'च्या यादीत तो फारसा सापडत नाही आणि माझ्या दृष्टीने तीच त्याची सोय आहे. हा माणूस हाताचा. त्याचं सगळं आयुष्य हातात धरता येणाऱ्या वस्तूंमधून सांगता येतं. जोड तास मिळाला तर उत्तम. एकाच तासात बसवायचं असेल तर काय गाळायचं ते ओघात सांगते.

सामान फार नाही. टेबल टेनिसची एक बॅट, एका बाजूला लाल आणि दुसऱ्या बाजूला काळं रबर असलेली. एक जाड पाठ्यपुस्तक आणि ते उघडू नये म्हणून दोन रबरबँड. हार्डवेअरच्या दुकानातून पाच-सहा विंग नट, म्हणजे पाना न लावता हाताने फिरवता येतो तो दोन कानांचा नट. दुकानात असतील त्यातले सगळ्यात मोठे मागा, बारक्यांचे कान मागच्या बाकावरून दिसत नाहीत. शिवाय एक प्लास्टिकची बांगडी, दोरा आणि हातभर लांबीची काठी. काचेची बांगडी नको. आणि वर्गात शिरल्या शिरल्या पंखा बंद करा. मी एकदा विसरले. बॅट पात्याला लागून खिडकीबाहेर गेली आणि पुढची दहा मिनिटं मुलांना अंतराळाशी काही देणंघेणं उरलं नाही.

आता नाव फळ्यावर लिहा आणि सगळ्यांकडून एकदा मोठ्याने म्हणून घ्या. 'जावई'तला ज नाही, 'जय'मधला ज. गंमत अशी की माणूस खरोखरच जावई म्हणून या नावाचा झाला. जन्म १३ मे १९४२, ताश्कंदजवळच्या इस्कंदर गावात, आडनाव क्रिसिन. रशियन भाषेत 'क्रिसा' म्हणजे घूस, मोठा उंदीर. लग्न झालं ते जानिबेकोव घराण्यातल्या मुलीशी. तिच्या वडिलांना मुलगा नव्हता, आडनाव तिच्याबरोबर संपणार होतं, म्हणून याने बायकोचं आडनाव लावलं. "म्हणजे घरजावई?" असं कोणीतरी विचारतंच. आडनावापुरता, असं सांगायचं. मुली खूश होतात, मुलगे गोंधळतात आणि वर्ग जागा होतो. जन्मतारीखही यातच उरकून जाते.

ताश्कंद नकाशावर दाखवा. लालबहादूर शास्त्रींचं निधन जानेवारी १९६६ मध्ये तिथेच झालं हे नववी-दहावीच्या मुलांनी ऐकलेलं असतं. बाकीचं लहानपण दोन वाक्यांत: गणित-भौतिकशास्त्रात हुशार, लेनिनग्राड विद्यापीठात भौतिकशास्त्राला प्रवेश घेतला आणि वर्षभरात ते सोडून येयस्कच्या लष्करी वैमानिक शाळेत गेला. तिथेच पुढे विमान शिकवणारा प्रशिक्षक झाला. १९७० मध्ये त्याची अंतराळवीर पथकात निवड झाली. इथे रेंगाळू नका.

यानंतर बॅट.

लाल बाजू वर करून मूठ हातात धरा. बॅटचं डोकं तुमच्यापासून लांब, मूठ तुमच्याकडे. आता ती अशी उडवा की डोकं वर येऊन तुमच्या दिशेने फिरेल, एक पूर्ण कोलांटी होईल आणि मूठ पुन्हा तुमच्याच हातात येईल. मुद्दाम पीळ देऊ नका. मूठ झेललीत की मुलांना विचारा, वर कुठला रंग? काळा. परत करा. परत काळा. कोलांटी तर एकच मारली, मग बॅट कुशीवर वळली कधी? मुलांना वाटतं बाईंनी मनगट फिरवलं. वाटू द्या, बॅट त्यांच्या हातात द्या. अर्धा वर्ग उठून उभा राहील, उभा राहू द्या.

आदल्या दिवशी घरी पलंगापाशी उभं राहून वीस वेळा सराव करा. कोलांटी फार जोरात मारली तर बॅट दोनदा वळते आणि पुन्हा लाल बाजू वर येते, मग आपलीच फजिती. सावकाश आणि फार उंच न उडवता जमतं.

पाठोपाठ रबरबँड लावलेलं पुस्तक घ्या. ते तीन प्रकारांनी फिरवता येतं. ताटलीसारखं सपाट फिरवा, नीट फिरतं. पुस्तकाच्या उभ्या कण्याला समांतर अशा अक्षावर, लाटण्यासारखं गरगर फिरवा, तेही नीट. आता मुखपृष्ठ वर ठेवून डावी-उजवी कड दोन्ही हातांनी धरा आणि वरची कड आपल्याकडे येईल अशी कोलांटी मारा. पुस्तक मधेच वळतं. मुखपृष्ठ कुठे गेलं ते शोधावं लागतं.

कारण सांगताना समीकरणात शिरू नका. मी एवढंच सांगते: कुठल्याही वस्तूला फिरायला तीन मुख्य अक्ष असतात. एकाभोवती ती फिरवणं सगळ्यात सोपं, एकाभोवती सगळ्यात अवघड आणि एक मधला. सोप्या आणि अवघड अक्षावर थोडा डगमगाट झाला तरी तो जागच्या जागी घुटमळतो. मधल्या अक्षावर तोच डगमगाट वाढत जातो आणि वस्तू उलटी होते. गोटी वाटीत ठेवली तर हलून पुन्हा तळाशी येते, घोड्याच्या खोगिरावर ठेवली तर बाजूला घरंगळते. मधला अक्ष म्हणजे खोगीर. आठवीपर्यंत इतकं पुरे. अकरावी-बारावीचा वर्ग असेल तर ऑयलरची फिरणाऱ्या वस्तूंची समीकरणं त्यांना घरी सोडवायला द्या, वर्गात नको.

आता नट मुलांच्या हातात द्या आणि गोष्ट सांगा. २५ जून १९८५. साल्युत-७ हे अंतराळस्थानक पृथ्वीभोवती फिरतंय. प्रोग्रेस नावाचं मालवाहू यान दोन दिवसांपूर्वी येऊन जोडलं गेलंय आणि जानिबेकोव सामान सोडवतोय. खोकी विंग नटांनी आवळलेली. तो नटाच्या कानावर बोटाने टिचकी मारतो, नट गरगर फिरत आट्यांवरून सुटतो आणि हवेत सरळ तरंगत जातो. साधारण ४० सेंटिमीटर गेल्यावर आपोआप उलटा होतो, कान मागचे पुढे. तसाच फिरत पुढे जातो, पुन्हा उलटा. पुन्हा. दुसरा कोणी असता तर नट पकडून खिशात टाकला असता. याने काम थांबवून बघितलं. मग प्लास्टिसिनच्या (मुलं खेळतात त्या मऊ मातीच्या) गोळ्यात नट बसवून तेही फिरवून पाहिलं. आज जगभर याला जानिबेकोव परिणाम म्हणतात. गणितज्ञांना यामागचं तत्त्व एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं, हे मुलांपासून लपवू नका. शोध त्याचा नाही, बघणं त्याचं.

मागच्या वर्षी आठवीतल्या एका मुलीने विचारलं, "बाई, तिथे गुरुत्वाकर्षण नाही म्हणून उलटतो ना?"

"मग आपली बॅट का उलटली गं?"

ती गप्प झाली. जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे इथेही उलटतं, पण बघायच्या आत खाली पडतं."

मला हे उत्तर इतक्या थोडक्यात कधी सांगता आलं नव्हतं. तेव्हापासून मी तिचंच वाक्य वापरते. एक जोड मात्र द्यावी: तिथे गुरुत्वाकर्षण असतंच, पण स्थानक, माणूस आणि नट सगळे एकाच वेगाने पृथ्वीभोवती पडत असतात, म्हणून नट जमिनीला लागत नाही.

मोबाईलवर व्हिडिओ बघणारा एखादा मुलगा हमखास उठतो: "एक दिवस पृथ्वीपण अशी उलटणार आहे म्हणे." ठाम नाही म्हणा. पृथ्वी विषुववृत्तापाशी फुगलेली आहे, तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरने जास्त. त्यामुळे ती तिच्या सगळ्यात 'अवघड' अक्षाभोवती फिरते, पुस्तक ताटलीसारखं फिरवलं होतं तशी. मधला अक्ष इथे नाहीच. पण उपग्रह बनवणाऱ्यांना फिरणाऱ्या वस्तूंच्या अशाच आणखी एका स्वभावाचा फटका बसलेला आहे. १९५८ चा अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्सप्लोरर-१ लांबट, पेन्सिलीसारखा, स्वतःच्या लांबीच्या अक्षावर फिरवत सोडलेला. त्याच्या लवचीक अँटेना हलत राहिल्या, त्यात फिरण्याची ऊर्जा झिजली आणि तो आडवा होऊन गोफणीसारखा फिरायला लागला. एकच तास असेल तर हा परिच्छेद गाळा.

इथवर मुलं जानिबेकोवला ओळखायला लागलेली असतात. आता त्याची पाच उड्डाणं फळ्यावर पाच ओळींत लिहा, मोहिमेच्या क्रमांकांऐवजी बरोबर कोण होतं ते लिहा. १९७८, ओलेग माकारोव. १९८१, मंगोलियाचा गुर्रागचा. १९८२, इव्हानचेन्कोव आणि फ्रान्सचा ज्याँ-लू क्रेतियाँ. १९८४, स्वेतलाना साव्हित्स्काया आणि इगोर व्होल्क. १९८५, व्हिक्टर साव्हिनिख. पाचही वेळा कमांडर हाच. १९८४ च्या ओळीवर क्षणभर थांबा: २५ जुलैला साव्हित्स्काया यानाबाहेर गेली, असं करणारी जगातली पहिली बाई. तिथे तिने धातू कापला, जोडला, वेल्डिंग केलं. जानिबेकोव बाहेर तिच्यासोबत होता. आयटीआयला जाऊ म्हणणारी पोरं 'वेल्डिंग' ऐकून कान टवकारतात.

१९८२ ची ओळ मात्र अधोरेखित करा. त्या मोहिमेचा कमांडर आधी युरी मालिशेव होता, त्याच्या जागी जानिबेकोवला घेतलं. स्थानकापासून साधारण ९०० मीटरवर यानाच्या संगणकाने दगा दिला आणि याने यान हाताने चालवत नेऊन जोडलं. हाच मालिशेव पुढे एप्रिल १९८४ मध्ये आपल्या राकेश शर्मांना साल्युत-७ वर घेऊन गेला. राकेश शर्मा तिथे राहिले, इंदिरा गांधींशी बोलले, "सारे जहाँ से अच्छा" म्हणाले. आणि त्यानंतर दहा महिन्यांनी तेच स्थानक मेलं. हे वाक्य सावकाश म्हणा आणि थांबा.

११ फेब्रुवारी १९८५. साल्युत-७ वर तेव्हा कोणी नव्हतं. जमिनीशी संपर्क तुटला आणि परत येईना. जवळपास वीस टनांचं स्थानक आंधळं, बहिरं, मुकं होऊन तरंगत राहिलं. त्याला ताळ्यावर आणायला कोणाला पाठवायचं? हाताने यान जोडता येतं असा माणूस हवा आणि स्थानकाची नस न् नस ठाऊक असलेला इंजिनिअर. जानिबेकोव आणि साव्हिनिख. दोघं याआधीही अंतराळात भेटले होते: १९८१ मध्ये साव्हिनिख आधीच्या साल्युत-६ वर राहत होता आणि जानिबेकोव तिथे पाहुणा म्हणून गेला होता.

आता बांगडीचा खेळ. दाराच्या चौकटीला दोऱ्याने बांगडी टांगा, मुलांच्या छातीच्या उंचीवर, आणि तिला अगदी हलकासा झोका द्या. एका मुलाने एक डोळा मिटायचा, काठी पुढे धरायची आणि पाच-सहा पावलांवरून चालत येऊन काठीचं टोक बांगडीतून आरपार घालायचं. दुसऱ्याने बाजूला उभं राहून अंतर मोठ्याने सांगायचं: दोन मीटर, दीड, एक. एक फुटावर थांबणं सक्तीचं. तिथून जायचं की मागे फिरायचं हे काठीवाल्याने ठरवायचं. बांगडीला धक्का लागून ती जोरात हलली तर मोहीम फसली. एक डोळा मिटला की अंतराचा अंदाज कसा जातो ते मुलांना लगेच कळतं. बहुतेक जण पहिल्या खेपेला बांगडीच्या पुढेच काठी घालतात.

खेळ झाल्यावर खरं काय घडलं ते सांगा. नेहमी यान आणि स्थानक दोन्ही एकमेकांना रेडिओने खुणा देत जवळ येतात. हे स्थानक खूण देत नव्हतं, आपलं तोंड यानाकडे वळवत नव्हतं. म्हणून माणसं नेणाऱ्या सोयुझ यानातून आपोआप जोडणारी यंत्रणाच काढून टाकली, तिसरी खुर्चीही काढली आणि त्या जागी जादा पाणी आणि अन्न भरलं. अंतर मोजायला हातात धरायचं लेझर यंत्र, अंधारात दिसावं म्हणून रात्रीची दुर्बीण. ६ जूनला बैकोनूरच्या प्रक्षेपण तळावरून उड्डाण आणि जमिनीवरच्या रडारांनी दाखवलेल्या वाटेने ८ जूनला स्थानक दिसलं. यान आडवं वळवून बाजूच्या खिडकीतून बघत अंतर कमी करत आणलं. दोनेकशे मीटरवर थांबून डोळ्यांनी पाहणी केली. सौरपंखे, म्हणजे उन्हापासून वीज बनवणारी पंखांसारखी पॅनेलं, एका रेषेत नव्हते, वाकडेतिकडे वळलेले, म्हणजे आत वीज नाही. मग जोडलं. एक फुटाचा नियम मी कुठून आणला ते मुलं इथे ओळखतात.

आत काय होतं ते मी मुलांना डोळे मिटून ऐकायला लावते. आधी आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे का ते तपासलं, तरीही तोंडाला गॅस मास्क लावूनच दोघे शिरले. काळोख. एक आवाज नाही. एरवी स्थानकात पंख्यांची घरघर कधी थांबत नाही. भिंतींवर बर्फाचा थर. पाण्याच्या टाक्या गोठलेल्या. तापमान शून्याखाली किती ते मोजायचं साधन नव्हतं, म्हणून भिंतीवर थुंकून बघितलं आणि थुंकी गोठली. (हे ऐकल्यावर दोन मिनिटं वर्ग आपल्या हातात नसतो. चालायचंच.) अंगावर गरम कपडे, डोक्यावर लोकरीच्या टोप्या, तोंडातून वाफ.

पंखे बंद म्हणजे आणखी एक पंचाईत. आपण सोडलेला श्वास गरम असतो, इथे तो वर निघून जातो. तिथे 'वर' नाहीच. श्वास तोंडाभोवतीच साठतो, डोकं दुखायला लागतं. काम करताना सारखी हवा हलवत राहावं लागायचं. एका मुलाला पुढे बोलवा, त्याला वहीने स्वतःला वारा घालत फळ्यावरची बेरीज करायला सांगा. बाकीचं तो सांगेल.

स्थानक का मेलं, हे सांगायला मी पाण्याच्या टाकीचं उदाहरण काढते. गच्चीवरच्या टाकीत पाण्याची पातळी बघणारा सेन्सर असतो. टाकी भरली की तो मोटर बंद करतो. समजा तो बिघडला आणि टाकी रिकामी असताना "भरली, भरली" म्हणत राहिला, तर? मोटर लागणार नाही, टाकी कोरडी पडेल. इथेही तेच झालं. बॅटरी भरली का ते बघणारा सेन्सर बिघडला. तो "भरली" म्हणत सौरपंख्यांची वीज तोडत राहिला आणि बॅटऱ्या रिकाम्या होत गेल्या. रेडिओ आधीच बंद, त्यामुळे जमिनीवरून कोणी सेन्सरला गप्प करू शकलं नाही.

दुरुस्तीतली मेख मुलांनी स्वतः शोधावी. सौरपंखे शाबूत आहेत, ऊन आहे, मग वीज का सुरू होत नाही? कारण सौरपंख्यांची वीज बॅटरीला जोडणारे स्विच चालवायलाच वीज लागते. ज्याच्या घरी इन्व्हर्टर पार उतरून बसलाय त्याला हे कळतं. मग या दोघांनी स्विच वगळून सौरपंख्यांच्या तारा थेट बॅटरीला लावल्या. आठ बॅटऱ्यांपैकी दोन कामातून गेलेल्या, सहा वाचवण्याजोग्या. तारांची टोकं सोलून, उघड्या बोटांनी पिळून एकेक जोडायची, हातमोजे घालून ते होत नाही. उन्हाळ्यातल्या तासाला मी एका मुलाला बर्फाच्या पाण्यात मिनिटभर बोटं बुडवायला लावते आणि मग दोन वायरी पिळायला देते. मिनिटाच्या वर नको, आणि सर्दी झालेल्याला अजिबात नको. तारा जोडून झाल्यावर सोयुझची इंजिनं वापरून अख्खं स्थानक वळवलं, सौरपंखे सूर्याकडे आले आणि बॅटऱ्या भरायला लागल्या. दिवे लागले.

बर्फ वितळल्यावर आणखी वैताग: पाणी. भिंतींवर, यंत्रांवर, तारांवर पाण्याचा पातळ थर. जे फडकं हाताला लागेल त्याने पुसत बसायचं. अंतराळवीर फरशी पुसतात यावर मुलांचा विश्वास बसत नाही. विंग नटाची टिचकी याच्या नंतरची, म्हणजे मरतामरता वाचलेल्या घरात पहिलं सामान आलं त्या दिवसातली. हा क्रम मी मुद्दाम उलटा ठेवते. नट आधी, गोठलेलं स्थानक नंतर. मग कोणीतरी आपणहून म्हणतं, "एवढं सगळं झाल्यावर तो नट बघत बसला?"

शेवटची पाच मिनिटं पुढच्या हकिगतीला. ११२ दिवसांनी, २६ सप्टेंबरला जानिबेकोव खाली आला, नव्या तुकडीतल्या ग्रेच्कोबरोबर. साव्हिनिख वर थांबला. पाचही मोहिमा मिळून जानिबेकोवचे १४५ दिवस अंतराळात गेले. तो चित्रंही काढतो आणि त्याच्या चित्रांवरून सोव्हिएत टपाल तिकिटं निघाली. चित्रकलेचे सर मोकळे असतील तर त्यांना याच वेळी वर्गात बोलवा. साल्युत-७ फेब्रुवारी १९९१ मध्ये वातावरणात शिरून जळालं, उरलेसुरले तुकडे अर्जेंटिनात पडले. या मोहिमेवर रशियात एक चित्रपट निघालाय आणि कोणीतरी तो दाखवा म्हणेल. दाखवा, पण त्यात पदरचं बरंच घातलंय हे आधी सांगा.

घंटा व्हायच्या आत नट मोजून परत घ्या. मी सहा नेते, पाच येतात.